डाव्या हाताने ओतायचा मोल्ड

"काका, बाबा तुमच्याकडे येतील. मासे पकडायच्या जिगचा मोल्ड मागतील. तुम्ही मना करा, प्लीज."

ऋताचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि तिचे बाबा माझ्यासमोरच स्टुलावर बसले होते. मी "हो हो, बघतो" म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

"ऋता होती ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मना करा म्हणाली असेल."

मी मान डोलावली. पागनीस साहेबांशी खोटं बोलणं मला नोकरीत कधी जमलं नाही, आता रिटायर झाल्यावर काय जमणार.

आम्ही दोघं पीथमपूरच्या एकाच कंपनीत होतो. मी टूलरूममध्ये, म्हणजे जिथे मोल्ड आणि डाय बनतात तिथे. साहेब क्वालिटीत, म्हणजे मी बनवलेलं जिथे नापास होतं तिथे. रिटायर झाल्यावर मी परदेशीपुऱ्यात एक जुनी मिलिंग मशीन आणि एक लेथ टाकून छोटं वर्कशॉप काढलं. साहेबांनी मासे पकडणं वाढवलं.

याचा दोष थोडा आमच्या घराकडे जातो. माझे वडील महूला फौजेत होते. रिटायर झाल्यावर ते गळ घेऊन नदीवर जायचे. साहेब तेव्हा नवे इंजिनिअर होते. एकदा माझ्याकडे जेवायला आले आणि वडिलांबरोबर चोरल नदीवर गेले, ते त्या नादातून आजपर्यंत बाहेर आलेले नाहीत. मला स्वतःला दोन तास पाण्याकडे बघत बसणं कधी झेपलं नाही.

गंमत म्हणजे साहेब शुद्ध शाकाहारी. परवाना काढून बडवाहच्या पुढे नर्मदेवर जायचं, मासा पकडायचा, त्याची लांबी मोजायची, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि परत पाण्यात सोडायचं. मी एकदा विचारलं, "साहेब, मग पकडता कशाला?" म्हणाले, "इन्स्पेक्शन."

दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा ॲटॅक आला. बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. पकड नाही, आणि काही उचललं की थरथरतो. साहेबांनी सहा महिने घासून डाव्या हाताने रॉडने गळ फेकायची प्रॅक्टिस केली. मग नदीवर जायला लागले. पण त्यांच्या आवडत्या जागी तळाला दगड फार. एका सकाळी चार-पाच जिग दगडात अडकून तुटतात. बाजारात मिळतात ते एक तर हलके, नाही तर फार जड. त्यांना बरोबर दहा ग्रॅमचे हवे होते.

जिग म्हणजे काय ते सांगतो. टूलरूममध्ये जिग म्हणजे ड्रिलला सरळ वाट दाखवणारी चौकट. मासेमारीतला जिग वेगळा. गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो. त्या वजनामुळे गळ लांब जातो आणि तळाला उतरतो. शिसं लवकर वितळतं, म्हणून लोक घरी पातेल्यात वितळवून साच्यात ओततात. तो साचा म्हणजे मोल्ड. दोन ठोकळे, पुस्तकासारखे उघडणारे, मिटून धरायला मूठ असलेले. मध्ये गोळ्याची जागा, म्हणजे घर, गळ ठेवायला खाच, आणि वरून शिसं आत जायला नरसाळ्यासारखं भोक.

साहेबांनी खिशातून कागद काढला. डाव्या हाताने काढलेलं ड्रॉइंग. रेषा वाकड्यातिकड्या, पण प्रत्येक मापापुढे टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल तो आकडा, लिहिलेला. सोबत पाउचमध्ये एक गळ.

"किती घरांचा करू?"

"चार."

"आणि ओतणार कोण?"

"मी," साहेब म्हणाले, जणू मी काही विचित्रच विचारलं होतं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ड्रॉइंग हातात आलं की माझं डोकं मशीनकडे वळतं. ही जुनी खोड आहे.

काम सरळ होतं. बारा मिलिमीटर व्यासाचा शिशाचा गोळा साधारण दहा ग्रॅम भरतो. माझ्याकडे बारा एमएमचा बॉलनोज कटर होता, म्हणजे टोक गोल असलेला कटर. तो ॲल्युमिनियममध्ये बरोबर सहा एमएम उतरवला की अर्धा गोळा तयार. समोरच्या ठोकळ्यात तसाच दुसरा अर्धा. खरी मेहनत दोन्ही अर्धे समोरासमोर आणण्यात असते. त्यासाठी आधी दोन्ही ठोकळे एकत्र बांधून दोन भोकं पाडायची आणि त्यात डॉवेल पिन घालायच्या. म्हणजे मोल्ड कितीही वेळा उघडा-मिटा, ठोकळे तिथेच बसतात. पिन आधी, घरं नंतर. उलट केलं की गोळा बाजूला सरकलेला निघतो.

गळाची तार मोजली. एक पॉइंट दोन एमएम. दोन्हीकडे निम्मी निम्मी खाच काढली. हवा बाहेर जायला बारीक चिरा दिल्या. दोन दिवसांत मोल्ड तयार झाला. मिटल्यावर फट दिसत नव्हती. मी स्वतःवर खूश होतो.

ट्रायल वर्कशॉपच्या बाहेर, उघड्यावर घेतली. शिशाचा धूर आत नको. चष्मा, चामड्याचे हातमोजे, एप्रन. साहेब गळांचा डबा घेऊन आले. शेजारचा सलीम वेल्डर चहा घेऊन बघायला उभा राहिला.

मी पळीने ओतलं. मोल्ड उघडला. अर्धेच गोळे, सुरकुतलेले.

"रिजेक्ट," साहेब म्हणाले.

"साहेब, मोल्ड थंड आहे. शिसं आत पोहोचायच्या आधीच गोठतंय."

मोल्ड शेगडीवर गरम केला. आतून मेणबत्तीची काजळी धरली. काजळीमुळे शिसं सहज वाहतं आणि चिकटत नाही. परत ओतलं. आता गोळे पूर्ण आले, पण चारपैकी तीन गोळ्यांच्या कडेला शिशाचा पातळ पापुद्रा, पंखासारखा. याला फ्लॅश म्हणतात. मोल्ड पूर्ण मिटला नाही की फटीतून माल बाहेर येतो आणि फ्लॅश बनतो.

"इंगळे, तुमचा मोल्ड मिटत नाहीये."

"मिटतोय साहेब. काल मिटत होता."

"मग हे काय, पापड?"

सलीम हसला. मला राग आला. मोल्ड पुसून रिकामा मिटवला. फट नाही. गळ घालून मिटवला. कडेला केसभर उजेड दिसला. मग मी डब्यातला गळ घेऊन मायक्रोमीटरने मोजला. एक पॉइंट चार. दुसरा, एक पॉइंट दोन. तिसरा, परत चार.

"साहेब, या डब्यात दोन कंपन्यांचे गळ आहेत?"

साहेबांनी डबा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. "नंबर एकच आहे," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, गळाचा नंबर सारखा म्हणजे तारही सारखी."

"तुम्ही मला एकच सँपल दिलंत."

"आणि तुम्ही एकच घेतलंत."

हे खरं होतं. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांना एका पीसवरून लॉट पास करू नका म्हणून बजावलं त्यांनी एक गळ दिला, आणि ज्याने ते रोज ऐकलं त्याने तो घेतला. आम्ही दोघंही मग हसलो. मी मोल्ड मशीनवर घेतला, दोन घरांची खाच जाड तारेसाठी खोल केली, दोन पातळ तारेसाठी तशीच ठेवली. जेवायच्या आधी चार चकचकीत गोळे मोल्डमधून बाहेर पडले. वजनकाट्यावर दहाच्या जरा वर. साहेबांनी एकेक गोळा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "ओके."

इथेच थांबलो असतो तर बरं. पण साहेब उठले आणि एप्रन मागितला.

"आता मी."

मी पळी त्यांच्या डाव्या हातात दिली. डाव्या हाताने त्यांनी ती छान भरली. पण मोल्डची मूठ धरायला दुसरा हात हवा, आणि उजव्या हाताने त्यांनी ती धरली. थरथर आधी बोटांत होती, मग मनगटात गेली. मोल्ड हलला. शिसं भोकाऐवजी ठोकळ्याच्या माथ्यावर पडलं, घरंगळलं आणि त्यांच्या बुटावर सांडलं. बूट जाड होता. चामड्यावर एक चांदीसारखा डाग पडला. बाकी काही झालं नाही.

पण ऋता त्याच वेळी गाडी लावून गल्लीत शिरत होती. तिने सगळं पाहिलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने एप्रनची गाठ सोडली आणि म्हणाली, "चला बाबा." साहेब तिच्यामागे निघाले. जाताना मोल्ड न्यायचाही विसरले. किंवा विसरले नसतील.

तीन दिवस मी फोन करत होतो, साहेब उचलत नव्हते. चौथ्या दिवशी ऋताचा आला.

"काका, तुमच्यावर राग नाही माझा. पण बाबांनी रॉड माळ्यावर टाकायला सांगितला. बोलत पण नाहीत नीट. हाताचा व्यायाम सोडलाय."

"तूच म्हणत होतीस ना, बंद करा?"

"शिसं बंद करा म्हटलं होतं, यार. नदी थोडीच."

मी मोल्डकडे बघत बसलो. दोष त्यात नव्हता. माप बरोबर, फिनिश बरोबर. चार पीस पास. कंपनीत असतो तर मी कागदावर सही करून जॉब बंद केला असता. पण ज्या माणसासाठी बनवला तो त्याला वापरू शकत नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी दिसत होतं. ओतणार कोण, हे मी विचारलं होतं. उत्तर मात्र ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी मल्हारगंजला त्यांच्या घरी गेलो. साहेब दिवाणावर पेपर घेऊन बसले होते. पान उलटत नव्हते.

"पाणी घ्या," म्हणाले, आणि स्वतःच उठले. मी बसा म्हणालो तरी ऐकलं नाही. कोपऱ्यात स्टुलावर पाण्याचा कॅम्पर होता, खाली तोटी असलेला. साहेबांनी डाव्या हाताने ग्लास तोटीखाली सरकवला. ग्लास सोडला. त्याच हाताने तोटी उघडली. भरल्यावर बंद केली. मग ग्लास उचलून मला दिला. एक थेंब सांडला नाही.

मी ग्लास हातात धरून बसलो.

"काय झालं? पाणी बरोबर नाही का?"

"साहेब, कॅम्पर उचलून ग्लासात पाणी ओतून दाखवा."

"वेडे झालात का इंगळे? इतका जड कॅम्पर..." आणि ते थांबले. साहेब हुशार माणूस. पुढचं मला सांगावं लागलं नाही. "तोटी," ते म्हणाले. "शिशाला तोटी."

पेपरच्या कोऱ्या जागेवर आम्ही दोघांनी तिथेच चित्र काढायला घेतलं. बाहेर पडताना ऋता दारात भेटली. मी म्हणालो, "बेटा, मला पंधरा दिवस दे. मग तू स्वतः चालवून बघ. तुला बरोबर वाटलं नाही तर मी स्वतः भंगारात टाकीन."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

पंधराचे वीस दिवस झाले. सलीमने जाड पाइपच्या तुकड्याला खाली बूड वेल्ड करून एक भांडं बनवलं. "भिया, ये क्या दाल का कुकर बना रहे हो?" तो विचारत होता. भांड्याला बाहेरून बँड हीटर लावला. प्लास्टिकच्या मशीनवर असतो तो, पट्ट्यासारखा गुंडाळायचा हीटर. सोबत थर्मोस्टॅट, म्हणजे शिसं हवं तेवढंच गरम राहील आणि धूर कमी होईल. बुडाला तीन एमएमचं भोक. त्यात वरून एक टोकदार सळई बसते, बाटलीच्या बुचासारखी. लिव्हर उचलला की सळई वर जाते, शिसं खाली पडतं. लिव्हर सोडला की सळई स्वतःच्या वजनाने खाली येते आणि भोक बंद.

पहिल्यांदा ते बंद होत नव्हतं. थेंब थेंब गळत होतं. इंजिनच्या व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावून सळई त्या भोकात दोन तास फिरवली. टोक आणि भोक एकमेकांना घासून बसले, गळती थांबली.

मोल्ड आता हातात धरायचा नव्हता. तो दोन रुळांवर सरकणार होता. प्रत्येक घराचं भोक बरोबर तोटीखाली आलं की खालची स्प्रिंगवरची गोळी खाचेत बसते आणि टक् आवाज येतो. सियागंजच्या बाजारातून एक टॉगल क्लॅम्प आणला. हा एका झटक्यात घट्ट बसणारा खटका असतो. त्याने मोल्ड मिटतो आणि उघडतोही. तोटीभोवती पत्र्याचं आवरण, खाली खोल ट्रे, सगळं जाड फळीवर बोल्ट केलेलं. आणि भांड्यावर झाकण. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची एकदम वाफ होते आणि शिसं उडतं. घामाचा थेंबसुद्धा चालत नाही.

सगळं डाव्या हाताच्या बाजूने लावलं. बनवताना मी स्वतः उजवा हात पट्ट्यात अडकवून चालवून बघत होतो. आठ वेळा बदल केले. लिव्हर चार बोटं पुढे आला, क्लॅम्प वळला, ट्रे खाली गेला.

ट्रायलच्या दिवशी साहेब आणि ऋता दोघं आले. साहेब पुढे व्हायला लागले, मी थांबवलं.

"आधी ऋता. आणि उजवा हात पाठीमागे."

"मी? मला काहीच येत नाही काका."

"म्हणूनच."

तिने चष्मा लावला, डाव्या हातात हातमोजा चढवला, उजवा हात पाठीमागे धरला. गळ ठेवले, खटका दाबला. मोल्ड ढकलला. टक्. लिव्हर उचलला, मी "एक, दोन" म्हणालो, तिने सोडला. पुढे ढकलला. टक्. चौथं घर भरेपर्यंत तिने माझी मोजणी बंद करायला लावली होती. थोडं थांबून खटका उघडला. चार गोळे चमकत होते.

"ओह," ती म्हणाली. मग, "परत एकदा करू?"

"रांगेत या," साहेब म्हणाले.

साहेबांनी पहिलं घर जरा कमी भरलं. लिव्हर लवकर सोडला. दुसरं पूर्ण, तिसरं पूर्ण, चौथं पूर्ण. उजवा हात त्यांच्या मांडीवर होता. थरथरतच होता, पण त्याला आता काही काम नव्हतं. त्यांनी पहिला गोळा बाजूला काढून ठेवला, परत वितळवायला. बाकीचे तीन वजनकाट्यावर ठेवले, वहीत आकडे लिहिले. मग चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मी आणि सलीम उगीच मशीनकडे बघत राहिलो.

ऋताने अटी घातल्या. गच्चीवरच, मोकळ्या हवेत. मास्क लावूनच. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. आणि घरात कुणीतरी असतानाच. साहेबांनी त्या अटी टाइप करून, नंबर घालून भिंतीवर लावल्या. पाचवी स्वतःची घातली: प्रत्येक नव्या डब्यातले दहा गळ मोजणे.

महिन्याने ते मला नर्मदेवर घेऊन गेले. ऋता गाडी चालवत होती. दोन तास मी पाण्याकडे बघत बसलो. अपेक्षेपेक्षा कमी कंटाळा आला. तिसऱ्या फेकीला साहेबांचा जिग दगडात अडकला आणि दोरी तुटली. मला वाईट वाटलं. त्या गोळ्यात माझे वीस दिवस होते. साहेबांनी मागे न बघता डावा हात पसरला आणि म्हणाले, "दुसरा द्या." ऋताने डब्यातून काढून दिला. नऊ वाजता एक हातभर लांब मासा लागला. मोजला, तोलला, लिहिला, सोडला.

आता माझ्याकडे कुणी मोल्ड बनवायला आलं की मी म्हणतो, जो चालवणार आहे त्याला घेऊन या, मग ड्रॉइंग दाखवा. काही जण वैतागून दुसरीकडे जातात. जे येतात, त्यांचं काम मला दुसऱ्यांदा करावं लागत नाही.